चौदा नंबरची खुंटी

सिक्युरिटी गार्डला अधिकार काय असतात, असं मला कोणी विचारलं की मी सांगते, तुमच्याइतकेच. समोरच्याचा चेहरा लगेच पडतो. अंगावर निळा गणवेश आहे, खांद्यावर पट्टी आहे, गळ्यात शिट्टी आहे, म्हणजे पोलिसांच्या खालोखाल काहीतरी असणारच, अशी लोकांची समजूत असते. माझीही होती. सुरतेत पांडेसऱ्याच्या एका मिलच्या गेटवर मी एकोणीस वर्षं लेडी गार्ड म्हणून उभी राहिले. त्यातली पहिली दोन वर्षं मी स्वतःला अर्धी फौजदारीणच समजत होते. ती हवा कशी निघाली, आणि निघाली म्हणून एका बाईचा जीव आणि अब्रू दोन्ही कसे वाचले, तेवढंच इथे सांगणार आहे. बाकीच्या वर्षांत ऊन खाल्लं, ट्रकवाल्यांशी भांडले आणि पायांच्या शिरा फुगवून घेतल्या, त्यात सांगण्यासारखं फार नाही.

आमची मिल म्हणजे कापड रंगवायची. लूमवरचं कोरं कापड ट्रकने यायचं, खाली मोठ्या मशिनांत रंगायचं, तापलेल्या मशिनीतून वाळून निघायचं आणि वरच्या मजल्यावर साड्यांच्या घड्या होऊन बाजारात जायचं. वर घड्या घालणाऱ्या सगळ्या बायका. त्यातल्या निम्म्या आमच्या खानदेशातल्या. मी शिरपूरकडची. नवरा उधन्याला लूम चालवायचा. लूमच्या खडखडाटाने त्याचे कान गेले आणि घरात मला ओरडून बोलायची सवय लागली. पुढे गेटवर ती फार कामी आली.

लेडी गार्डचं काम ऐकायला सोपं आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांची झडती, आवक-जावक रजिस्टर, चाव्यांची पाटी आणि घटनावही. चाव्यांची पाटी म्हणजे केबिनच्या भिंतीवर ठोकलेली एक लाकडी फळी. तिला चोवीस खुंट्या. प्रत्येक खुंटीवर एका खोलीची चावी. ज्याने चावी नेली त्याने चाव्यांच्या रजिस्टरात वेळ टाकून सही करायची, परत आणली की पुन्हा सही. घटनावहीत, दिवसभरात वेगळं काही घडलं तर ते लिहायचं. आमच्यातले बहुतेक जण रोज एकच शब्द लिहीत, ‘ओके’. एका गार्डने तर बॉयलरजवळ साप निघाला त्या दिवशीही ओके लिहिलं होतं, कारण साप शेवटी निघून गेला.

माझी पहिली मोठी कामगिरी दुसऱ्या वर्षातली. वरची एक बाई सकाळी आत जाताना सडपातळ असायची आणि संध्याकाळी बाहेर पडताना चार महिन्यांची गरोदर दिसायची. दोन दिवस मी मनातल्या मनात कौतुक केलं, तिसऱ्या दिवशी झडतीत पोटावर हात लागला तर पोट कुरकुरीत. साडीच्या लेसचे वेढेच्या वेढे कमरेला गुंडाळलेले. मी तिला केबिनमध्ये ढकललं, बाहेरून कडी घातली आणि तिच्या खात्यातल्या सगळ्यांना बोलावून बोलावून खिडकीतून दाखवलं. ती पाणी मागत होती. मी म्हटलं, बस तशीच. शेठ येईपर्यंत दोन तास गेले. वहीत मी झोकात लिहिलं, ‘चोर पकडला. ओके.’

त्या आठवड्यात उधन्याला, आम्हा गार्डना कामाला लावणाऱ्या एजन्सीच्या ऑफिसात, आमचा वर्ग होता. शिकवायला लष्करातून निवृत्त झालेले एक गृहस्थ यायचे. त्यांना सगळे सुभेदारसाहेबच म्हणत. कऱ्हाडकडचे होते, आवाज मऊ आणि नजर कडक. माझी वही त्यांनी वर्गात वाचली. लोक हसले, मीही हसले. मग ते म्हणाले, “रजनीबाई, जरा शेजारच्या खोलीत बसता का?” मी बसले. त्यांनी बाहेरून कडी घातली आणि वर्ग पुढे चालू केला.

अर्धा तास. पहिली पाच मिनिटं मला गंमत वाटली. मग घाम फुटला. मला पाणी हवं होतं, बाहेर सगळे हसत होते, आणि ते माझ्यावरच हसताहेत असं वाटत होतं. कडी काढली तेव्हा मी रडवेली झाले होते. साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाले, “मला तुम्हाला कोंडायचा काय अधिकार होता?”

“काहीच नाही,” मी म्हटलं.

“मग तुम्हाला त्या बाईला कोंडायचा होता का?”

त्या दिवशी जे शिकले ते थोडक्यात असं आहे. गार्डला पकडायचा वेगळा अधिकार नाही. रस्त्यावरच्या कोणत्याही माणसाला असतो तेवढाच त्यालाही असतो. गुन्हा गंभीर हवा, ज्यात पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात आणि ज्यात जामीन हक्काने मिळत नाही असा, आणि तो स्वतःच्या डोळ्यांदेखत घडायला हवा. कोणी सांगितलं, संशय आला, चेहरा चोरासारखा दिसला, हे चालत नाही. धरलंच तर उगाच वेळ न काढता पोलिसांच्या हवाली करायचं. आता नव्या कायद्याने त्याला सहा तासांची मर्यादा घातली आहे. मारायचं नाही, बांधायचं नाही, कबुली लिहून घ्यायची नाही. पाणी मागितलं तर द्यायचं.

रिपोर्टचंही तसंच. ‘चोर’ हा शब्द गार्डने लिहायचा नाही, तो कोर्टाचा शब्द आहे. जे पाहिलं ते, ज्या वेळी पाहिलं ती वेळ, कोण काय बोललं ते त्याच्याच शब्दांत. जे पाहिलं नाही, ते ‘पाहिलं नाही’ असं लिहायचं. खाडाखोड करायची नाही, पान फाडायचं नाही आणि दोन नोंदींच्या मध्ये रिकामी ओळ सोडायची नाही, कारण रिकाम्या ओळीत उद्या कोणीही काहीही घुसवतो.

तेव्हापासून मी एवढं लिहू लागले की गेटवर माझी थट्टा सुरू झाली. ट्रकवाले म्हणायचे, मॅडम, मैं छींका वो भी लिखा क्या? माझ्या जोडीला असलेला गार्ड भगवान, हिंगोलीकडचा, तो म्हणायचा, “ताई, तुमची वही संपायच्या आधी माझी नोकरी संपंल.” आणि वरच्या फोल्डिंग खात्याचे सुपरवायझर जिग्नेशभाई जाता-येता विचारायचे, “रजनीबेन, आटलुं बधुं शुं लखो छो?” इतकं सगळं काय लिहिता, असं. माणूस वाईट नव्हता हे आधीच सांगते. घाईतला होता. बाजारातली पार्टी फोनवर ओरडली की हा फोल्डिंगमध्ये ओरडायचा, एवढंच त्याचं काम होतं.

आता मंगलाचं सांगते.

मंगला अमळनेरकडची. नवरा कडोदऱ्याला लूमवर, दोन मुलं, स्वतः फोल्डिंगमध्ये सहा वर्षं. शिक्षण सातवीपर्यंत. घड्या इतक्या सरळ घालायची की नवीन बायकांना तिच्या टेबलाशी उभं करायचे. त्या दिवशी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी जिग्नेशभाई तिला दंडाला धरून गेटवर घेऊन आले. एका मोठ्या पार्टीला दाखवायच्या बारा नमुन्याच्या साड्या तिच्या टेबलावरून गायब झाल्या होत्या. तिची झडती घ्या, कबुली लिहून घ्या आणि मी बाजारातून येईपर्यंत तिला केबिनमध्ये कोंडून ठेवा, असं त्यांचं म्हणणं.

पहिलं मी त्यांना दंड सोडायला सांगितलं. मग मंगलाला विचारलं, झडती देशील का. ती म्हणाली, “घे ना ताई. मी काहीच लिधं नही.” काहीच घेतलं नाही, असं. पडद्यामागे नेऊन मी तिची झडती घेतली. मोबाइल, रुमाल, मिश्रीची डबी, डब्यात अर्धी भाकरी. साडीचं सूतही नाही. बाहेर येऊन मी जिग्नेशभाईंना सांगितलं, “माझ्या डोळ्यांसमोर हिने काही घेतलं नाही. हिच्याजवळ काही मिळालं नाही. मी हिला अडकवून ठेवू शकत नाही. तुम्हाला संशय असेल तर पोलिसांना बोलवा. ते येईपर्यंत हिची इच्छा असेल तर ती माझ्या बाकावर बसेल, दार उघडं राहील.”

“तमे गार्ड छो के वकील?” ते म्हणाले.

“गार्डच आहे. म्हणूनच सांगते.”

मग मी मंगलाकडे वळून हळूच आमच्या अहिराणीत म्हटलं, “तू घर चालनी जाय. तुले कोनीच अडाई सकत नही.”

तिने मान हलवली. “आते मी घर गयी ते सगळा चोरच म्हंतीन ताई. मी काबर जाऊ?”

तिचं बरोबर होतं. पांडेसऱ्यात एका मिलमध्ये बाईवर चोरीचा ठपका बसला की दुसऱ्या मिलच्या गेटवर ती पोचायच्या आधी बातमी पोचते. सहा वर्षांची सरळ घडी एका दिवसात विस्कटली असती. ती परत वर गेली, जिग्नेशभाईंच्या मागोमाग, स्वतःच्या पायांनी. मी वेळ टाकून सगळं लिहून काढलं. अकरा पस्तीस.

अकरा अडतीसला जिग्नेशभाई पुन्हा खाली आले आणि चौदा नंबरच्या खुंटीवरची चावी काढून सही करून गेले. चौदा नंबर म्हणजे वरच्या मजल्याच्या टोकाची नमुन्यांची खोली. रंगाच्या नमुन्यांची छापील पुठ्ठी आणि कापडाचे तुकडे ठेवायची जुनी खोली, तिला बाहेरून मोठं कुलूप असायचं. बारा वाजून पाच मिनिटांनी ते स्कूटरवरून बाहेर पडले. मी विचारलं, “चौदाची चावी?” ते म्हणाले, “मारी पासे रहेवा दो, पाछो आवुं छुं.” माझ्याकडेच राहू द्या, परत येतो, असं. मी विचारलं, “मंगला कुठे आहे?” ते म्हणाले, “काम करे छे.” हेही मी लिहिलं. त्यांच्या शब्दांत.

आता माझी चूक सांगते, कारण हल्ली मी नव्या गार्डना शिकवते त्या वर्गातही ती सांगते. खुंटी रिकामी होती. माणूस गेला होता आणि चावी त्याच्या खिशात होती. माझ्या मनात आलं होतं. एकदा वर जाऊन यावं, असं पुन्हा पुन्हा मनात आलं. पण भगवान जेवायला बसला होता, गेट सोडायचं नाही हा नियम होता, आणि मी स्वतःला सांगितलं की आपण लिहून ठेवलं आहे. पोलिसांना फोन मी तेव्हाच करायला हवा होता. लिहिणं हे निम्मं काम आहे. उरलेलं निम्मं मी पस्तीस मिनिटं केलं नाही, आणि ती पस्तीस मिनिटं मला अजून पुरून उरतात.

बारा चाळीसला भोंगा वाजला.

कापड वाळवणाऱ्या मशिनीतून गरम हवा बाहेर टाकायला पत्र्याचं मोठं धुराडं असतं. त्यात कापडाची फुसकट, म्हणजे तंतूंचा भुसा, साचते. ती वेळेवर काढली नाही तर पेटते, आणि धुराडं वरच्या मजल्याला लागूनच जात असल्यामुळे धूर आधी वर भरतो. त्या दिवशी तेच झालं. खिडक्यांतून काळा धूर निघायला लागला आणि बायका जिन्यावरून ओरडत खाली आल्या.

अशा वेळी गार्डने काय करायचं ते सुभेदारसाहेबांनी इतक्या वेळा घोकून घेतलं होतं की डोकं बंद पडलं तरी हात चालत होते. भगवान अर्धा घास तोंडात ठेवून मेन स्विचकडे धावला, तिकडून ओरडला, “ताई, बंबाला फोन लावला म्या.” मी दोन्ही दारं सताड उघडली. दारात मालाचा ट्रक आडवा उभा होता. ड्रायव्हर घाबरून किल्ली शोधत बसला होता. नवऱ्याशी बोलायच्या आवाजात मी त्याला दोन वाक्यं सुनावली आणि ट्रक हलला. मग दोन्ही रजिस्टरं आणि घटनावही काखेत मारून मी लिंबाखाली गेले. आमच्याकडे आग लागली की सगळ्यांनी त्या लिंबाखाली जमायचं ठरलेलं होतं.

बायकांचा ठेकेदार हजेरीचा कागद घेऊन मोजत होता. “अडतीस के अडतीस. सब आ गए,” तो मोठ्याने म्हणाला. लोकांनी देवाचं नाव घेतलं.

मी मोजलं. अडतीसच होत्या. पण सकाळी माझ्या रजिस्टरात एकोणचाळीस आत गेल्या होत्या.

“मंगला कुठे आहे?”

“उसको तो निकाल दिया. जिग्नेशभाईने बोला, घर गई. मैंने नाम काट दिया.”

“माझ्या गेटमधून गेली नाही.”

“पीछे से गई होगी.”

“मागचं गेट बंद आहे. त्याची चावी नऊ नंबरला लटकते आहे.” आणि हे बोलताना माझी नजर केबिनच्या उघड्या दारातून आतल्या फळीवर गेली. नऊला चावी होती. चौदाची खुंटी रिकामी होती.

तेवढ्यात बंब आत शिरला. अग्निशमनवाल्यांचा प्रमुख उडी मारून उतरला आणि पहिलाच प्रश्न विचारला, “अंदर कोई है?”

ठेकेदार म्हणाला, “नहीं साहब.”

मी म्हटलं, “है. एक औरत. पहिला माळा, जिना चढून डावीकडे, शेवटची खोली. बाहेरून कुलूप. चावी नाही. खिडकीला जाळी आहे.”

त्याने ठेकेदाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “पक्का?”

मी चाव्यांचं रजिस्टर उघडून त्याच्यासमोर धरलं. अकरा अडतीसची ओळ, जिग्नेशभाईंची सही, आणि परतीच्या रकान्यात काहीच नाही. त्याने एक क्षण वाचलं आणि तोंडावर मुखवटा ओढला. दोन माणसं पहार आणि कटर घेऊन त्याच्या मागे गेली.

मी आत धावले नाही. लोक मला नेहमी हे विचारतात, आणि नाही म्हटलं की थोडे हिरमुसतात. धुरात शिरायचा मुखवटा माझ्याकडे नव्हता. मी शिरले असते तर त्यांना एकीच्या जागी दोघी शोधाव्या लागल्या असत्या. माझं काम कुठे, कोण आणि किती हे नेमकं सांगायचं होतं, आणि ते मी केलं होतं. तरीही त्या वेळी लिंबाखाली उभं राहणं मला एकोणीस वर्षांतल्या कुठल्याही कामापेक्षा जड गेलं. बायकांपैकी कोणीतरी माझा हात घट्ट धरला होता, कोणी ते आजही मला माहीत नाही.

मग ते जिन्यावरून खाली आले. मधल्याच्या खांद्यावर मंगला होती.

तिचे हात कोपरापर्यंत रंगलेले होते, लाल, हिरवे, जांभळे. खोलीत नमुने भिजवायचा पाण्याचा एक डबा होता. धूर दाराखालून यायला लागल्यावर तिने हाताला लागतील ते कापडाचे तुकडे त्या पाण्यात बुडवले आणि दाराची फट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठासून भरली. वीस मिनिटं ती जमिनीवर पालथी पडून, तोंडाला ओला पदर लावून श्वास घेत होती. मोबाइल जिग्नेशभाईंनी काढून घेतला होता. जाताना तिच्यासमोर एक कोरा कागद आणि पेन ठेवून ते म्हणाले होते, चोरी केली असं लिही, मग दार उघडतो.

तिला स्ट्रेचरवर झोपवलं, नाकाला ऑक्सिजन लावला. मी जवळ वाकले. तिने नळी जरा बाजूला केली आणि घोगऱ्या आवाजात पहिलं वाक्य बोलली. “ताई, मी काहीच लिखं नही.”

तिथे मी रडले. गणवेशात रडायचं नसतं, पण रडले.

रुग्णवाहिका गेली. आग आटोक्यात आली. आणि एक पंचवीसला, धूर पाहून धावतपळत, जिग्नेशभाई गेटवर आले.

तोपर्यंत झालेला प्रकार सगळ्यांना कळला होता. शेजारच्या दोन मिलमधले लोकही जमले होते. स्कूटर स्टँडला लावायच्या आधीच त्यांच्या शर्टाला हात गेले. कोणीतरी ओरडलं, बांधा लिंबाला. कोणीतरी दोर आणायला पळालं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी शिट्टी फुंकली, मध्ये घुसले, त्यांना केबिनमध्ये ओढलं आणि दारात उभी राहिले. भगवान माझ्या शेजारी आला.

“ताई, सरका,” फोल्डिंगमधली एक बाई म्हणाली. “पकडा त्याले. तुम्ही सिक्युरिटी शेतस ना?”

“याने कुलूप लावलेलं मी डोळ्यांनी पाहिलं नाही,” मी म्हटलं. “चावी नेलेली पाहिली. सकाळी मंगलाला हात लावू दिला नाही तो ज्या नियमाने, त्याच नियमाने यालाही लावू देणार नाही. पोलीस येताहेत. भगवानने मघाशीच फोन केला आहे.”

लोकांनी मला शेठची चमची म्हटलं. आणखीही बरंच म्हटलं, ते वहीत आहे, इथे लिहीत नाही. पण दारातून कोणी आत आलं नाही. मी तिथून बाजूला झालेच नाही.

आतमध्ये जिग्नेशभाई त्याच बाकावर बसले होते, जो मी सकाळी मंगलाला देऊ केला होता. मी त्यांना पाणी दिलं. म्हटलं, “दार उघडं आहे. जायचं असेल तर जा. बाहेर कोण उभं आहे ते तुम्ही पाहिलंच आहे.” ते गेले नाहीत. पाणी प्यायल्यावर त्यांनी चाव्यांच्या रजिस्टरकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाले, “रजनीबेन, चौदा नंबरवाळी लाइन काढी नाखो. एक ज लाइन छे.” एकच ओळ, काढून टाका. मला त्यांची कीव आली. तरी मी पेन उचललं आणि घटनावहीत पुढची ओळ लिहिली, की एक वाजून चाळीस मिनिटांनी त्यांनी मला चौदा नंबरची ओळ काढायला सांगितली.

पोलीस इन्स्पेक्टर आले. त्यांनी घटनावही शांतपणे वाचली. मग जावक रजिस्टर मागितलं आणि सकाळपासूनच्या नोंदी बोटाने खाली खाली वाचत आले. एका ओळीवर बोट थांबलं. “ये क्या है?”

नऊ पन्नास. टेम्पो. पोटलं एक. चलन नाही. जिग्नेशभाईंच्या सांगण्यावरून.

सकाळी एक हमाल कापडात बांधलेलं पोटलं टेम्पोत टाकत होता. मी चलन, म्हणजे माल बाहेर न्यायची पावती, मागितली तर जिग्नेशभाई जिन्यावरूनच म्हणाले होते, घरचाच माल आहे, जाऊ द्या. मी जाऊ दिलं. आत काय आहे ते उघडून पाहिलं नाही. एकोणीस वर्षांत मी असं किती पोटल्यांना जाऊ दिलं असेल देव जाणे. इन्स्पेक्टरांनी टेम्पोवाल्याला फोन लावला. पोटलं टिकल्या चिकटवायच्या कारखान्यात पडलेलं होतं. तिथल्या माणसाने फोनवरच गाठ सोडली आणि मोजून सांगितलं. नमुन्याच्या साड्या, बारा.

जिग्नेशभाईंनी डोकं दोन्ही हातांत धरलं. त्यांनी स्वतःच मंगलाच्या टेबलावरून त्या उचलून घाईघाईत पाठवल्या होत्या, टिकल्या लावून पार्टीला जास्त चांगल्या दिसाव्यात म्हणून, आणि दीड तासात साफ विसरले होते. त्यांनी घाई केली, मी पोटलं उघडलं नाही, आणि कोंडली गेली ती मंगला. त्या दिवशीच्या रिपोर्टचं शेवटचं वाक्य मी असं लिहिलं की पोटल्यात काय आहे हे मी पाहिलं नाही, ती माझी चूक आहे. भगवान म्हणाला, “ताई, ह्ये कशाला लिवता? कोणी विचारलं का?” मी म्हटलं, इतरांचं लिहिते तर माझंही लिहायला हवं.

आणि एक नियम त्या दिवशी मी जाणूनबुजून मोडला. कुलूप लागल्यापासून ते तुटेपर्यंत खोलीत काय झालं, त्याबद्दल मी लिहिलं, ‘मी पाहिले नाही.’ आणि त्याच्याखाली तीन ओळी रिकाम्या सोडल्या.

जिग्नेशभाईंवर केस झाली, नोकरी गेली. एजन्सीने माझ्या रिपोर्टच्या प्रती काढून वर्गात वाटल्या. सुभेदारसाहेबांचे तोवर डोळे अधू झाले होते. त्यांनी तो दुसऱ्याकडून दोनदा वाचून घेतला. रिकाम्या तीन ओळींवर बोलणी बसली, ती मी निमूट ऐकली. मग ते म्हणाले, “शेवटचं वाक्य लिहिलंत, म्हणून मी वरची सगळी खरी मानतो.” आयुष्यात मला एक ढालही मिळाली आहे, काचेची, एजन्सीने दिलेली. ती कपाटावर आहे. हे वाक्य मी रोज वापरते.

दोन आठवड्यांनी दसरा होता. दसऱ्याला मिलमध्ये मशिनांची पूजा होते. आम्ही गार्डही आमची हत्यारं पूजेला ठेवतो. शिट्टी, टॉर्च, काठी आणि रजिस्टरं. त्या वर्षी घटनावहीवर हळदकुंकू जरा जास्तच पडलं, सगळ्या बायका येऊन येऊन वाहत होत्या. ज्या बाईने मला सरका म्हटलं होतं तिने तर झेंडूचा अख्खा हार घातला.

मंगला त्या दिवशी पहिल्यांदा परत आली होती, नवऱ्याला आणि मुलांना घेऊन. शेठ सगळ्यांसमोर उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, “मंगलाबेननो कोई वांक न हतो. वांक अमारो हतो.” तिचा काही दोष नव्हता, आमचा होता. पांडेसऱ्यात ही बातमी पोचायला अर्धा दिवसही लागला नाही. दुपारी शेजारच्या गेटवरचा गार्ड मला येऊन सांगत होता, जणू मी तिथे नव्हतेच.

पूजा झाल्यावर मंगला केबिनमध्ये आली. बाकावर बसली. नखांच्या कडांना अजून जांभळा रंग होता. म्हणाली, “ताई, ती वही दखाड.”

मी हार बाजूला केला आणि ते पान उघडून तिच्यापुढे ठेवलं. तिने अक्षरांवरून बोट फिरवत सगळं वाचलं, सावकाश, शेवटपर्यंत. मग त्या तीन रिकाम्या ओळींवर येऊन थांबली आणि माझ्याकडे पाहिलं. मी खिशातलं पेन काढून दिलं. घड्या घालायची तितक्याच सरळ अक्षरांत तिने तीन ओळी भरल्या, खाली वेळ टाकली आणि सही केली.

मी आत व्हती.

दार बाहेरथीन बंद व्हतं.

मी चोर नही.